माझ्यापुढच्या चौघी

मित्रांनो, खांबाला तोंड नसतं, आणि माझी सगळी कहाणी याच एका गोष्टीपायी बिघडली आहे. मी नागपूरच्या एका शाळेच्या मैदानावरचा गोलखांब. पाण्याच्या टाकीकडचा, डाव्या हाताचा. आता मी उभा नाही, भिंतीलगत आडवा पडलोय, पण ते नंतर सांगतो. आधी जे मला मैदानभर ओरडून सांगायचं होतं आणि कधीच सांगता आलं नाही, ते ऐका. इतकी वर्षं पोटात दाबून दाबून माझं लाकूड आतून फुगलंय.

जन्मानं मी सागवान. लकडगंजात करवतीखालून निघालो तेव्हा माझे पलंगाचे पाय करायचं ठरलं होतं. तेवढ्यात रामाजी मिस्त्री शाळेसाठी लाकूड बघायला आला. त्यानं मला बोटांनी टकटक वाजवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हा पोट्ट्यायचा मार खाईन. हाच द्या." झाली माझी निवड! रंधा मारला, पांढरा रंग चढवला, पायाला डांबर फासलं आणि जमिनीत पुरलं. पलीकडे माझा जोडीदार, आणि दोघांच्या डोक्यावर एक आडवी दांडी. जाळी नव्हती. त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर दर वेळी भांडण. भांडणारे सगळे लांब उभे, आणि ज्याच्या कानाला घासून चेंडू गेला तो मी मुका! काय वाटत असेल मला, सांगा बरं.

साठ-पासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा मैदान मुलांचंच होतं आणि त्यांचा खेळही सोपा होता. पुढे पाच जण, मध्ये तिघं आणि मागे, माझ्यापुढे, दोघंच. पाचांना टाळ्या, दोघांना शिव्या.

आणि मला दिसायचं काय? पाठी. गोलखांबापुढे उभं राहणाऱ्यांची तोंडं कायम समोरच्या गोलकडे असतात. त्यामुळे मी माणसं पाठीवरून ओळखतो. कुणाचा सदरा कुठे उसवलाय, कुणाची मान उन्हानं रापलीय, कोण घाबरला की डावा खांदा वर करतो, सगळं मला माहीत. पण पाठी बघायची सवय लागली की आणखी एक गोष्ट दिसायला लागते. दोन पाठींमधली मोकळी जागा. चेंडू नेमका तिथूनच येतो. मला तो येण्याआधीच दिसायचा, आणि मी नुसता उभा!

पुढे खेळ बदलला. मागे चौघं ठेवायची पद्धत आली. आमचे खेळाचे मारोतराव सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि काठीनं मातीत आकृती काढून समजावू लागले. दोन्ही टोकांना दोन बॅक. मध्ये स्टॉपर, म्हणजे समोरून येणाऱ्याला छातीवर घेऊन अडवणारा. आणि त्या तिघांच्याही मागे स्वीपर. स्वीपरनं कुणा एकाला धरायचं नाही. हातात झाडू असल्यासारखं मागे राहायचं आणि पुढच्या तिघांच्या तावडीतून जे निसटेल ते साफ करायचं. आकृती मोठी सुरेख होती. मला वाटलं, चला, आपले दिवस सुधारले.

कसले सुधारतात!

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा शाळेनं मुलींचा संघ काढला. संध्याकाळचं मैदान मुलींना मिळालं. सराव माझ्याच बाजूला व्हायचा, कारण कडुनिंबाची सावली इकडे पडते. सदऱ्यांच्या जागी आता वेण्या आणि लाल रिबिनी दिसायला लागल्या. मारोतराव सर मनानं वाईट नव्हते. भर उन्हात स्वतः फक्की टाकून मैदान आखायचे, मुलींना कुणी हसलं तर अंगावर धावून जायचे. पण त्यांची एक सवय होती, आणि त्या सवयीनं माझा जीव खाल्ला. मागची जागा ते शिक्षा म्हणून द्यायचे.

"शामला, काल दोन गोल हुकवले न तू? जाय, मागं जाय. खांबाजवळ उभी राहा."

शामला झाली स्टॉपर. कांता आणि प्रयाग या दोघी बहिणी पुढे खेळताना चेंडूसाठी एकमेकींशीच भांडायच्या, म्हणून त्यांना दोन टोकांना हाकललं. जिजा सरावाला उशिरा आली, तर तिला थेट गोलात घातलं. वर्गात बाकावर उभं करतात ना, तसं माझ्याजवळ उभं करायचे! आता शिक्षा झालेली माणसं मनापासून कशी उभी राहतील? जरा संधी मिळाली की शामला वेणी उडवत पुढे धावायची, गोल करून सुटका करून घ्यायला. तिच्या मागे कांता, कांता गेली म्हणून प्रयाग. आणि माझ्यापुढे उरायचं मोकळं रान आणि कमरेवर हात ठेवलेली जिजा.

स्वीपरची जागा मात्र एका मुलीनं मागून घेतली. जयवंता तिचं नाव. मूळची पारशिवनीची, नागपुरात आत्याकडे शिकायला आलेली. आखूड वेणी, रुंद खांदे.

"सर, मले मागं खेळू द्या," ती म्हणाली.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "मागं? काहून वं? पुढं पळाचा कंटाळा येते का?"

"नाई सर. मले मागूनच बरं दिसते."

"दिसते? तू खेळाले आली का खेळ पाहाले?"

सगळ्या पोरी खो खो हसल्या. शिक्षा कुणी मागून घेत नाही, म्हणजे ही नक्कीच आळशी, असं सरांनी त्या क्षणी ठरवून टाकलं. मला तेव्हाच एक जोरदार आरोळी ठोकायची होती, "अहो सर, हीच!" पण पुन्हा तेच. तोंड नाही.

आणि खरंच सांगतो, जयवंता फार पळायचीच नाही. चार पावलं डावीकडे, दोन मागे, मान सारखी वळती. तिची पाठ जिथे उभी असायची तिथेच थोड्या वेळानं चेंडू यायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, हिचं नशीब चांगलं. नशीब!

मग कामठीच्या संघाशी सामना झाला. त्यांच्या दोघी फॉरवर्ड एकीमागे एक आल्या. शामला नेहमीसारखी पुढे निघून गेलेली, बहिणी तिच्या मागे. जयवंता एकटी. ती पहिलीच्या आडवी गेली, पहिलीनं चेंडू दुसरीला दिला, आणि दुसरीनं माझ्या पायाशी घासून गोल केला. तसाच आणखी एक. तिसऱ्या वेळी जिजानं हातातले मोजेच जमिनीवर आपटले.

सामना संपल्यावर सर तरातरा आले ते जयवंतावरच. "तुह्यासमोरून बॉल गेला! पळाली काहून नाई? सारं गाव पळून राहिलं अन् तू पुतळ्यावानी उभी!"

"सर, त्या दोघी होत्या..."

"अन् तू एक होती, मले दिसते ते! अमरावतीच्या स्पर्धेले जायचं आहे आपल्याले. तिथं पळणाऱ्या पोट्ट्या पायजेत मले. आता वर्ध्यावाल्यायशी मॅच आहे. तिच्यात तू बाहेर बसजो."

शामला शेजारीच उभी होती, रिबीन सोडून पुन्हा बांधत. मित्रांनो, त्या दिवशी मला मुळापासून उखडून यावं आणि सरांपुढे आडवं पडावं असं वाटलं. सगळा गुन्हा डोळ्यांदेखत घडला, आणि साक्षीदार लाकडाचा!

सगळ्या गेल्या. जयवंता मला टेकून बसली आणि नखानं माझा रंग खरवडू लागली. दुखलं नाही. जिजा दप्तर घेऊन तिच्याजवळ आली.

"रडून राहिली का वं?"

"रडत नाई. राग येऊन राहिला." जयवंतानं रंगाचा पापुद्रा उडवला. "आत्यानं बजावून ठेवलं आहे. टीममध्ये आहे तोवर खेळ म्हणते. नाव कटलं का शाळा सुटल्याबरोबर घरी, लहान्याले सांभाळाले. मंग संपलं माहं मैदान."

"मंग पळ न थोडीशी. सरले दाखवापुरती."

"कायले? मी पळाली तं मागं कोण राहीन, तूच न? एकटी!" ती ताठ बसली. "आमच्या पारशिवनीले आट्यापाट्या खेळतो आम्ही. पाहिला का कधी? प्रत्येकीची एक पाटी, जमिनीवर आखलेली. तिनं आपल्याच पाटीवर राहाचं, दुसरीकून कोणी चाललं तरी सोडाची नाई. अन् मधातल्या लंब्या पाटीवर राहाते तिले सूर म्हणतेत. बाकीच्या आपापल्या पाटीवर असल्या, तरच सूर सगळीकडं पोचते. एक जरी पाटी सोडून पळाली, का सूरचं काहीच चालत नाई."

"मंग हे सांग न सरले."

"सांगतलं. सर म्हणते, हा फुटबॉल आहे, आट्यापाट्या नोहे."

जिजानं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी गोलातून पाहाते न. आहे तर तसंच."

अरे, मीही तेच पाहत होतो! निदान एकीला तरी तोंड होतं.

दुसऱ्या दिवशी सर बैठकीत अडकले. जयवंतानं फक्कीचा डबा उचलला आणि माझ्यापुढे सरळ पाट्या आखायला घेतल्या. खऱ्या आट्यापाट्यांत पाट्या एकामागे एक असतात, हिनं त्या सोयीनं वाकवल्या. पुढे आडवी एक, शामलाची. दोन बाजूंना दोन तिरप्या, कांता-प्रयागच्या. आणि मधून माझ्यापर्यंत येणारी लांब एक, तिची स्वतःची.

शामला नाक मुरडून म्हणाली, "हे गावातले खेळ गावात खेळ वं. इथं कायले?"

"बरं. मंग फोड न पाट्या! खांबाले हात लावून दाखव. लावला तं मी आपणहून टीम सोडते."

असं म्हटल्यावर कोण मागे हटणार? शामलाच्या पाटीवर जिजा उभी राहिली आणि शामला धावत सुटली. जिजाला चुकवलं, प्रयागला हूल दिली, आणि समोर बघते तर जयवंता! पुन्हा आली, पुन्हा तेच. मग सगळ्या फॉरवर्ड जमल्या. मैदान ओरडण्यानं भरून गेलं. कुणाचा हात मला लागेना! सत्यवती, म्हणजे आमची सगळ्यात चपळ सेंटर फॉरवर्ड, कडुनिंबापासून धावत यायची आणि दर वेळी कुणाच्या तरी तावडीत सापडायची. "अवं, दम लागला मले!" म्हणून मातीत बसायची आणि पुन्हा उठायची.

शेवटी शामला चिडून म्हणाली, "द्या मले माही पाटी, मी पकडते हिले." ती आपल्या पाटीवर उभी राहिली. सत्यवतीनं समोर येऊन तिला नुसत्या वाकुल्या दाखवल्या आणि बाजूला पळाली. शामलाला राहवलं नाही, पाटी सोडून तिच्या मागे लागली. सत्यवतीनं गिरकी घेतली, रिकाम्या पाटीवरून सुसाट आत शिरली, जयवंता दुसरीला अडवत होती, आणि खाडकन माझ्या अंगावर पंजा बसला.

"लावला! लावला!"

सगळ्या नाचायला लागल्या. जयवंताची पैज कुणाच्या लक्षातही राहिली नाही. शामला मात्र तशीच उभी. आपल्या मोकळ्या पाटीकडे बघत, रिबीन तोंडात धरून.

"मी गेली म्हणून फुटली का?"

"मंग!" जयवंता म्हणाली.

"कामठीवाल्यायच्या वेळेस बी?"

जयवंता फक्कीचा डबा उचलायला वाकली. जिजाच बोलली, "तिन्ही वेळेस."

तेवढ्यात सर आले. "अवं बावा! मैदान आहे का अंगण? ही रांगोळी कोणं काढली?" सगळ्या पोरींना रांगेत उभं करून पायांनी फक्की पुसायला लावली. माझ्यापुढच्या त्या सुंदर पाट्या बघता बघता मातीत मिसळल्या. इतका वैताग आला मला! वर्षानुवर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे काहीतरी शहाणपणाचं आखलं होतं, आणि तेही पुसलं.

वर्ध्याच्या संघाबरोबरचा सामना आमच्याच मैदानावर होता. जो जिंकेल तो अमरावतीला जाणार. खांब कुणाच्याच बाजूचा नसतो म्हणतात. साफ खोटं! पहिल्या अर्ध्या वेळेत माझ्यापुढे वर्ध्याच्या मुली उभ्या होत्या, आणि सत्यवतीनं माझ्या अगदी बगलेतून गोल केला तेव्हा मी आनंदानं हललो होतो. लोकांना वाटलं, चेंडू लागून हललो.

जयवंता रेषेबाहेर संत्र्यांच्या बादलीशेजारी बसली होती. तिच्या जागी सरांनी एका पळणाऱ्या मुलीला घेतलं होतं.

बाजू बदलल्या, आमच्या मुली माझ्यापुढे आल्या. ती पळणारी मुलगी खरंच फार पळत होती, चेंडू जाईल तिकडे. थोड्याच वेळात तिचा पाय मुरगळला. सरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बादलीजवळ एकटी जयवंता.

"जाय," सर म्हणाले. "खांबाजवळ. अन् पळजो!"

ती आली. जाता जाता तिनं माझ्यावर तळवा टेकवला, नेमका तिनंच खरवडलेल्या जागी. मग चौघींच्या पाठी माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

एक गोल हातात होता, पण सरांचं समाधान होईना. ते रेषेवरून धावत ओरडत होते, "शामले! पुढं जाय! दुसरा गोल पायजे! जाय!"

शामलाचा पाय उचलला. मी तिची पाठ ओळखतो. पुढे धावायच्या आधी तिची वेणी एकदा डावीकडे उडते. तशी उडाली. एक पाऊल, दुसरं पाऊल. आणि तिच्या मागे ती ओळखीची मोकळी जागा उघडू लागली. वर्ध्याची उंच फॉरवर्ड तिकडेच बघत होती. मी बघत होतो. आता पुन्हा, मला वाटलं, आता पुन्हा तेच!

"शामले! पाटी!"

ती आरोळी माझी नव्हती. जयवंताची होती. पण इतकी वर्षं माझ्या लाकडात अडकलेली, तीच.

शामला थांबली. "शामले, पुढं!" पलीकडून सर ओरडत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळली आणि आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. उंच मुलगी चेंडू घेऊन सरळ तिच्यावरच आली. शामलानं तिला अडवलं. तिनं चेंडू बाजूला ढकलला, तिथे कांता होती. कांतानं कोपऱ्याकडे दाबलं, तर ती आत वळली, आणि आत जयवंता आधीच उभी! तिनं चेंडू अलगद काढून घेतला आणि जिजाकडे सरकवला. संपलं. धूळसुद्धा उडाली नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवणार तरी कशी? काही घडलंच नव्हतं ना! गोल होता होता वाचला असता तर लोक किंचाळले असते. इथे वाचायची वेळच आली नाही. माझ्या जळफळाटाचं कारण हेच आहे मित्रांनो. पुढचं काम सगळ्या मैदानाला दिसतं, मागचं काम नीट झालं की कुणालाच दिसत नाही.

शेवटची शिट्टी झाली. सत्यवतीला खांद्यावर घेऊन सगळ्या नाचल्या. सरांनी सगळ्यांना माझ्यापुढेच गोळा केलं. "शाबास! अमरावतीले हीच टीम. फक्त जयवंता..." ते घुटमळले. "तू आजबी पळाली नाई वं."

शामला पुढे झाली. "सर, पळाली तं मीच होती. तिनं हटकलं मले."

"अन् तू थांबली काहून? मी ओरडून राहिलो होतो न!"

"म्हणूनच तं पळाली होती, सर."

सरांच्या कपाळावर आठी चढली. "म्हणजे माही चुकी?"

"मी तसं नाई म्हटलं, सर."

"मी म्हणते, सर," मागून जिजा बोलली. मोजे काखेत, गुडघ्यांवर माती. "रागावू नका, पण गोलातून सगळं दिसते."

सर बघत राहिले. आधी जिजाकडे, मग चौघींकडे, मग चक्क माझ्याकडे. ते माझ्याजवळ येऊन, माझ्या शेजारी पाठ लावून, मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तिथूनच त्यांनी चौघींच्या जागा एकेक करून पाहिल्या.

मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "चाल मंग अमरावतीले. पण उभ्या उभ्या खुर्ची नको मागजो तिथं."

जयवंता हसली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा धड पाहिला.

पोरी अमरावतीला गेल्या. मला काही नेता येत नाही. परत आल्या, तर मेल्या एकीनंही मला निकाल सांगितला नाही! आपसात "तो दुसरा हाफ, नाई का वं?" एवढंच बोलायच्या आणि हसायच्या. अजून मला माहीत नाही. पण एक मी पाहिलं. नव्या सत्रात एका मुलीनं माझ्यासमोर गोल हुकवला. सरांनी सवयीनं हात वर केला, "जाय, मागं..." आणि मध्येच थांबले. म्हणाले, "मागं खेळाचं असन तं आधी जयवंताले विचार. ती घेते का पाहा."

त्यानंतर काही वर्षांनी लोखंडी खांब आले. जयवंता, शामला तोवर शाळा सोडून गेल्या होत्या, सर निवृत्त झाले होते. मला उपटून भिंतीलगत टाकलं. बुटांच्या नाड्या बांधायला मुली माझ्यावर बसतात. आता मला पाठीही दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. रंग उडाला, एका टोकाला वाळवी लागली. त्याचं मला इतकं वाईट वाटत नाही. पण परवा नवीन सर एका मुलीला म्हणाले, "काही जमत नाही तुला. जा, मागे उभी राहा." आणि ती मुलगी मान खाली घालून, पाय ओढत, त्या लोखंडी खांबाकडे गेली.

मी पुन्हा ओरडलो. पुन्हा कुणाला ऐकू गेलं नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, पुन्हा उभंही करू नका. एवढंच करा. पुढे गोल झाला की हवी तेवढी बोंब मारा, पण मग एकदा मान वळवून मागे बघा. तिथे कोण उभी आहे तिचं नाव घ्या, तेही मोठ्यानं. मला तोंड नाही. तुम्हाला आहे!